उगवतीला तोंड करून

लग्नाच्या जेवणात शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ मठ्ठा येईपर्यंत वेळ काढायला म्हणून विचारतात, "आपण काय करता?" या प्रश्नाला मी एकतीस वर्षं घाबरत आलो. "अंध लोकांना शिकवतो" म्हटलं की ते हात जोडून म्हणत, "वा, म्हणजे संगीत." संगीत नाही म्हटल्यावर वेताच्या खुर्च्या. त्याही नाहीत म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपे. एकदा मात्र मी चिकाटीने सांगितलं, की मी ओरिएंटेशन आणि मोबिलिटी शिकवतो. ते म्हणाले, "आमच्या मुलीच्या कॉलेजात पण पहिल्या दिवशी ओरिएंटेशन होतं. समोसा फार छान होता."

तर आधी हे काम सांगतो. ज्याला दिसत नाही, अशा माणसाला एकट्याने घराबाहेर पडून हव्या त्या ठिकाणी पोचायला आणि परत यायला शिकवणं, हे ते काम. पांढरी काठी हातात देणं हा त्यातला सोपा भाग. काठी पोटासमोर मधोमध धरायची, खांद्याच्या रुंदीइतकी डावीकडे-उजवीकडे टेकवत न्यायची, उजवं पाऊल पुढे तेव्हा टोक डावीकडे. हे आठवड्याभरात जमतं. अवघड भाग पुढे येतो. आत्ता मी कुठे आहे, माझं तोंड कुणीकडे आहे आणि मला जायचंय ते कुठल्या बाजूला आहे, हे डोक्यात सतत जागं ठेवायचं. त्यालाच ओरिएंटेशन म्हणतात. आमच्या प्रमाणपत्रावर त्याचं मराठी 'अभिमुखता' असं छापलेलं असे. तो शब्द मी किंवा माझ्या विद्यार्थ्यांनी कधी तोंडाने उच्चारल्याचं आठवत नाही.

शिक्षक व्हायचं तर आधी स्वतः डोळ्यांवर पट्टी बांधून चालावं लागतं. मी पहिल्या दिवशी संस्थेच्या फाटकातून निघालो आणि वीस मिनिटांनी संस्थेच्याच मुतारीत पोचलो. तेव्हापासून कुणाही विद्यार्थ्याला मी हसलो नाही.

पुण्यात हे शिकवणं म्हणजे वेगळीच परीक्षा. इथे पत्ता विचारला की माणूस बोट करतो. समोर पांढरी काठी घेतलेला माणूस उभा असला तरी म्हणतो, "हे काय, समोर पाटी आहे की." दुसरी जात अतिमदतीची. सिग्नलपाशी नुसता उभा असलेला आंधळा माणूस त्यांना बघवत नाही. त्याला कोपराला धरून ते रस्ता ओलांडून देतात. त्याला ओलांडायचा होता का, हे विचारायला कुणाला सवड नसते. आदित्य म्हणून माझा एक विद्यार्थी होता, आयटीतला. त्याला एका आठवड्यात तीनदा असं पलीकडे नेऊन सोडलं होतं. तो म्हणायचा, "सर, मला स्टॉपवर थांबायचं असतं आणि पब्लिक मला फुकटात एक्स्पोर्ट करतं." त्याचा सगळा भरवसा फोनमधल्या बाईवर होता. ती त्याला इमानाने इमारतीपर्यंत आणायची आणि "आपण पोचला आहात" सांगून गप्प व्हायची. ते पोचणं इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी असायचं. तिथून दरवाजा शोधायला माझीच विद्या लागायची, हे तो शेवटी मान्य करून गेला.

माझी विद्या म्हणजे खुणांची साखळी. घरातून निघाल्यावर उजवीकडे वळा, भिंत डाव्या हाताला ठेवा, विजेच्या डबड्याची गुणगुण आली की उतार लागेल, उतार संपला की डावीकडे. खूण कायमची असली पाहिजे. भज्यांचा वास ही खूण नव्हे, कारण भजीवाला चतुर्थीला गाडी लावत नाही. अशी साखळी मी प्रत्येकासाठी स्वतः चालून, वहीत लिहून बांधायचो. या वह्यांचा मला अभिमान होता. त्या अजून माळ्यावर आहेत आणि बायकोला त्या रद्दीत घालायच्या आहेत.

त्या अभिमानाची हवा वानखेडे बाईंनी काढली.

बाई एका शाळेत आठवी ते दहावीला मराठी आणि संस्कृत शिकवत. मूळच्या हिंगणघाटकडच्या एका खेड्यातल्या, लग्न होऊन पुण्यात आल्याला तीस वर्षं झालेली. काचबिंदूने नजर हळूहळू गेली आणि दिवाळीनंतर तर उजेड-अंधाराचंही कळेना. मिस्टर आधीच गेलेले. मुलगा निखिल कात्रजला राहायचा, तिथे त्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता आणि आईसाठी त्याने त्यातली एक रिकामीही करून ठेवली होती. बाईंची निवृत्ती चार वर्षं लांब होती. मुख्याध्यापिकाबाईंनी सरळ सांगितलं होतं, की शिकवायला तुम्हाला डोळे लागत नाहीत हे मी जाणते; पण येणं-जाणं आणि शाळेतलं हिंडणं तुमचं तुम्हाला जमलं पाहिजे, आणायला-सोडायला माझ्याकडे माणूस नाही. रजा जूनपर्यंत पुरणार होती.

निखिल पहिल्या भेटीला आईबरोबर आला तेव्हाच त्याने स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाचा विषय काढला. मुलगा वाईट नव्हता. आई रस्त्यावर पडली तर, या विचाराने त्याला झोप लागत नव्हती, एवढंच. शेवटी मायलेकांत तडजोड झाली, तीही माझ्या टेबलाशी. शाळा सुरू होईल त्या दिवशी बाई घरून शाळेत एकट्या जातील. वाटेत कुणाला त्यांना हाताला धरून न्यावं लागलं, तर त्याच संध्याकाळी अर्जावर सही. मी साक्षीदार.

"आणि नाही धरावं लागलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर मी अर्जाचं नाव काढणार नाही," निखिल म्हणाला.

मार्चमध्ये आम्ही सुरुवात केली. वाट फार नव्हती, पंधरा मिनिटांची. बाईंच्या गल्लीतून बाहेर आलं की मोठा रस्ता. तिथे उजवीकडे वळायचं आणि मोठा रस्ता डाव्या हाताला ठेवून, भिंतीच्या कडेने नाकासमोर चालत राहायचं. औषधांचं दुकान, विजेचं डबडं, बँकेच्या पायऱ्या, मग उजव्या हाताला शाळेचं फाटक. रस्ता ओलांडायचा प्रश्नच नव्हता. तरी शाळेसमोरच्या सिग्नलवर ओलांडणं मी त्यांना शिकवून ठेवलं, कारण ते सगळ्यांनाच शिकवतो. साखळी वहीत लिहिली आणि पाठ करायला सांगितली.

दुसऱ्या आठवड्यात मी मध्येच थांबवून विचारलं, "बाई, आता फाटक कुठल्या हाताला?"

"उगवतीला."

मी म्हटलं, हात सांगा, उजवा की डावा. त्या म्हणाल्या, "ते मी कुठे तोंड करून उभी आहे त्यावर आहे. फाटक उगवतीलाच राहणार."

मी पुन्हा समजावलं, की गावाकडचं उगवती-मावळती इथे चालत नाही. हे शहर आहे, इथे डावं-उजवं पक्कं करा. हे वाक्य मी वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो. बाई फुटपाथच्या कडेला थांबल्या, काठी बगलेत धरली आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "शिर्के सर, तुमच्या त्या ओरिएंटेशनचा अर्थ काय हो?"

मी व्याख्या सांगितली.

"व्याख्या नको. शब्दाचा अर्थ."

माझी दांडी उडाली. बाईंनी मग तिथेच, औषधांच्या दुकानासमोर, माझा तास घेतला. तो शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी आहे उगवणं. उगवणाऱ्या सूर्याची बाजू ती ओरिएंट, आणि एखाद्या गोष्टीचं तोंड त्या बाजूला करणं म्हणजे ओरिएंटेशन. तिकडे देवळं बांधताना करत तसं. "म्हणजे तुमचा शब्द शुद्ध उगवती आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही मला सांगताय उगवती सोडा." मग आपले शब्द घेतले. पूर्व म्हणजे पुढची. पश्चिम म्हणजे मागची. दक्षिण म्हणजे उजव्या हाताची, म्हणून देवाला उजव्या हाताला ठेवून घालतो ती प्रदक्षिणा. उत्तर म्हणजे वरची. हे शब्द ज्याने केले तो माणूस सकाळी उगवतीला तोंड करून उभा होता, आणि त्याने आधी स्वतःला उभं केलं, मग जगाला नावं दिली. औषधवाला काउंटरवर कोपरं टेकून ऐकत होता. त्याने एका गिऱ्हाइकाला थांबायलाही सांगितलं.

बाईंच्या माहेरी घरातसुद्धा असंच बोलत. तांब्या उत्तरेच्या कोनाड्यात, झोपताना डोकं उगवतीला, सरक जरा मावळतीला. डावं-उजवं फक्त चपला आणि बैल यांच्यासाठी. पुण्यात नवीन आल्यावर सासरचे हसत, म्हणून त्यांनी बोलायचं सोडलं. पण आतलं काही सुटलं नव्हतं. मी परीक्षा घ्यायची ठरवली. बाईंना संस्थेच्या इमारतीत तीन मजले फिरवलं, दोनदा गोल वळवलं, एका कोंदट खोलीत बसवलं आणि शाळा कुठे असं विचारलं. त्यांनी हात केला. मी गच्चीवर जाऊन पडताळलं. हात बरोबर होता.

त्या दुपारी मला किसनराव आठवले, आणि ते आठवणं काही सुखाचं नव्हतं. किसनराव लोणी काळभोरचे, पिठाच्या गिरणीवर काम केलेले, साखरेने डोळे गेलेले. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. दर वळणाला थांबून विचारायचे, "सर, आपलं त्वांड आता मावळतीकडं हाय न्हवं?" आणि मी दर वळणाला त्यांना झापायचो. पंधरा दिवसांनी ते म्हणाले, तुमचं डावं-उजवं माझ्या डोस्क्यात ऱ्हात न्हाई, आणि गावी निघून गेले. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'प्रगती असमाधानकारक.' त्यांना त्यांची वाट माझ्यापेक्षा जास्त चांगली कळत होती. जी गोष्ट त्यांच्याजवळ होती तीच शिकवायचा पगार मी घेत होतो आणि तीच त्यांच्याकडून काढून घेत होतो. मी लोणीला जाऊन चौकशी केली तेव्हा ते वारल्याला बरीच वर्षं झाली होती. गेली ती शेवटची वर्षं घरातच, ओसरीवर बसून, असं त्यांच्या सुनेने सांगितलं. याची मला लाज वाटते आणि ती जायची नाही.

त्यानंतर मी नव्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न विचारू लागलो, की तुमच्या घराचं दार कुठल्या दिशेला उघडतं. शहरातल्या मुलांना बहुधा ठाऊक नसायचं. मग तिथूनच सुरुवात करायचो. सकाळचं ऊन कपाळावर घ्या, ही उगवती. पाठीमागे काय, उजवीकडे काय. बाईंबरोबरची साखळीही मी नव्याने बांधली, त्यांच्या भाषेत. गल्लीतून मावळतीला, मोठ्या रस्त्यापासून उत्तरेला, फाटक उगवतीला. मोठा रस्ता दक्षिणोत्तर. बाई खूश झाल्या. मी मात्र खासगीत वहीच्या समासात डावं-उजवंही लिहून ठेवलं. इतक्या वर्षांची सवय होती.

शाळेचा पहिला दिवस उजाडला तो ढगाळ. आभाळ एकसारखं राखाडी, ऊन कुठेच नाही. मी सकाळी साडेसहाला बाईंच्या दारात उभा होतो. एप्रिल-मेमधल्या सगळ्या सरावात बाईंच्या उजव्या गालावर कोवळं ऊन असायचं. मी हळूच सुचवलं, की मुख्याध्यापिकांशी बोलून एखादा दिवस पुढे ढकलता येईल.

"ऊन नाही म्हणून उगवती कुठे गेली?" बाई म्हणाल्या आणि काठी टेकवत निघाल्या.

मागे आम्ही दोघं, तीस पावलांवर. आमच्या कामाचा नियम असा, की विद्यार्थी जिवावरच्या संकटात असेल तरच 'थांबा' म्हणायचं. एरवी चुकू द्यायचं, आणि चुकल्यावर त्याने काय केलं ते बघायचं. मी निखिलला तो नियम तीनदा सांगितला होता. तो मान हलवत होता आणि त्याच्या हातातली स्कूटरची किल्ली थांबायला तयार नव्हती.

गल्ली झाली. मोठ्या रस्त्याला बाई उत्तरेला वळल्या. औषधांचं दुकान गेलं. आणि पुढे फुटपाथच नव्हता. शनिवारी होता, सोमवारी नव्हता. ब्लॉक काढून ढीग घातलेला, खोदलेल्या चराला पत्रे आडवे लावलेले. बाईंची काठी पत्र्याला लागली. त्या थांबल्या, दोन्ही बाजूंना काठीने चाचपलं आणि विचार करत उभ्या राहिल्या. हे अगदी शिकवल्याप्रमाणे होतं.

तेवढ्यात एक गृहस्थ स्कूटर स्टँडवर लावून धावत आले. मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. "चला आजी, मी सोडतो," म्हणत त्यांनी बाईंना कोपराला धरलं, बस चुकवायला एकदा मागे ओढलं, एका रिक्षाला वळसा घातला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर नेऊन उभं केलं. बाई काहीतरी म्हणत होत्या, ते वाहनांत विरलं. "आता सरळ जा," असं सांगून ते परत पळत आले आणि स्कूटर काढून गेले. त्यांचा चेहरा समाधानाने फुलला होता. पुण्य कमावलेल्या माणसावर इतका राग मला कधी आला नव्हता.

"धरलं," निखिल म्हणाला. "हाताला धरलं, सर."

मी म्हटलं, ती मदत नव्हती, तो अपघात होता. पण माझं स्वतःचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. आम्ही घाईने रस्ता ओलांडून बाईंच्या मागे जाऊन उभे राहिलो. बाईंचं तोंड एका बंद दुकानाच्या शटरकडे होतं. माझी साखळी संपली होती. या फुटपाथवरची एकही खूण मी त्यांना दाखवलेली नव्हती. आणि मला पुढचं दिसत होतं. माझ्या वहीवर तयार झालेला उत्तम विद्यार्थीही इथे एकच गोष्ट करील. मोठा रस्ता डाव्या हाताला ठेवायचा असं पाठ केलेलं असतं, तो रस्ता डाव्या हाताला घेईल आणि चालू लागेल. पण आता तो विद्यार्थी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला असता. म्हणजे तो शाळेकडे पाठ करून निघाला असता, पूर्ण आत्मविश्वासाने.

एक मिनिट गेलं असेल. बाई हलल्या नाहीत. मानही नाही. सात वाजून गेले होते. मग माझा धीर सुटला. एकतीस वर्षांत न मोडलेला नियम मोडून मी पुढे पाऊल टाकलं आणि 'बाई' म्हणायला तोंड उघडलं.

माझी बाही कुणीतरी धरली. निखिल होता. त्याचे डोळे भरले होते.

"थांबा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आई विचार करत असताना मध्ये बोललेलं तिला चालत नाही."

बाईंनी शटरला पाठ टेकवली, दोन्ही खांदे सारखे केले. आता समोरून रस्त्याचा आवाज येत होता. नंतर त्यांनी मला सांगितलं ते एवढंच, की मला ओलांडून आणलं म्हणजे मी मावळतीच्या कडेला होते, म्हणजे रस्ता माझ्या उगवतीला, म्हणजे उत्तर डाव्या हाताला. यात कठीण काय होतं? तेव्हा मला फक्त एवढं दिसलं, की त्या डावीकडे वळल्या, रस्ता उजव्या खांद्यावर घेतला आणि चालू लागल्या. उत्तरेला. शाळेकडे.

सिग्नलपाशी त्या उतारावर थांबल्या. वाहनं थांबली, सुटली. त्या थांबूनच राहिल्या, सिग्नलचा ताल ऐकत. पुन्हा थांबली, पुन्हा सुटली. एका कॉलेजातल्या मुलीने जवळ येऊन काहीतरी विचारलं, बाईंनी हसून मान हलवून नको म्हटलं. तिसऱ्या खेपेला काठी पुढे करून त्या निघाल्या आणि सरळ रेषेत पलीकडे गेल्या. निखिलने आणि मी श्वास घेतला तो बहुतेक एकाच वेळी.

शाळेची घंटा होऊन चार मिनिटं झाली होती. शिपायाने फाटक लोटलं होतं ते बाईंना पाहून उघडलं. कार्यालयात त्यांनी पर्समधून सही करायची पट्टी काढली. पुठ्ठ्याचा लहानसा तुकडा, मधे ओळीएवढी खाच. लिपिकाने ती मस्टरवर त्यांच्या नावासमोर ठेवली आणि बाईंनी वळणदार सही केली. पुढे उशिराची खूणही स्वतःच करायला सांगितली.

आम्ही दोघं दाराशी ओशाळून उभे होतो. शेवटी निखिल म्हणाला, "आई, मी दुपारी न्यायला येऊ? फक्त आजच्या दिवस."

बाई आवाजाच्या दिशेने वळल्या. त्यांनी हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपला, गाल ओला लागला तसा पदराच्या टोकाने पुसला. मग पाठ ताठ करून, आठवीच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शाळेच्या वेळेत पालकांनी आवारात थांबू नये. बाहेर पाटी लावली आहे. तुला दिसतं ना?"

"दिसतं," निखिल म्हणाला.

"मग वाच. आणि जाताना शिर्के सरांनाही वाचून दाखव."

त्या काठी टेकवत जिन्याकडे गेल्या. आम्ही फाटकाबाहेर आलो. अर्जाचं नाव निखिलने काढलं नाही. पाटी खरंच होती. निखिलने ती मला मोठ्याने, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली.